कोनशिलेच्या पलीकडे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. परंतु धान्य आणि घोंगड्यांच्या मालमोटारी वाटेत असताना जखमींना हवे होते ते शस्त्रक्रियागृह आणि निष्णात हात. तेथून अवघ्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, लातुरात, विवेकानंद रुग्णालय त्या दिवशी उभे होते. कारण त्याचा पाया २७ वर्षांपूर्वी घातला गेला होता.

१९६६ साली लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. डॉ. अलूरकर, डॉ. कुकडे, डॉ. भराडिया हे तरुण डॉक्टर तेथे आले आणि आपापले दवाखाने थाटण्याऐवजी त्यांनी एक संस्था उभारली. या निर्णयातच सारे मर्म आहे. व्यक्तीच्या मालकीचा दवाखाना मुलाकडे जातो, नाहीतर विकला जातो. न्यासाच्या रुग्णालयात खुर्ची रिकामी झाली, तर तिच्यावर बसण्यास योग्य माणूस घडवावा लागतो. ते काम इमारत बांधण्याहून कितीतरी अवघड आहे.

आपल्या दातृत्वाला मात्र इमारतच भावते. कोनशिलेवर नाव कोरले जाते, परिचारिकेच्या वेतनावर किंवा जनित्राच्या डिझेलवर कोणाचे नाव कोरणार? थाटात उद्घाटन झालेली यंत्रे पुढे देखभालीविना धूळ खात पडतात, ती यामुळेच. १ लाख रुपयांचा कायम निधी सात टक्के दराने वर्षाला ७ हजार रुपये देतो, म्हणजे महिन्याला ६०० रुपयेही नाहीत. म्हणूनच ज्याला परवडते त्याच्याकडून वाजवी शुल्क घेण्याचा संकोच सेवाभावी संस्थांनी बाळगू नये. 'सर्व काही मोफत' ही घोषणा ऐकायला गोड असली, तरी तिचे देणे अखेर गरीब रुग्णालाच भोगावे लागते.

चोख हिशेबाने जी पत निर्माण होते, ती कोठे कामी येईल हे आधी सांगता येत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मांजरा नदीचे पात्र खोल व रुंद करण्यासाठी लातूरकरांनी लोकवर्गणी जमवली. तिच्या विनियोगासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्षपदी त्यांनी डॉ. अशोकराव कुकडे यांना बसवले. पद्मभूषण किताब त्यांना त्यानंतर, २०१९ मध्ये मिळाला.