कौल लागला, पुढे काय?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधल्या मतदारांना एकच प्रश्न विचारण्यात आला : युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे? १ कोटी ७४ लाख लोकांनी 'बाहेर' असे उत्तर दिले, १ कोटी ६१ लाखांनी 'राहू' असे. टक्केवारीत सांगायचे तर ५१.९ विरुद्ध ४८.१. स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी 'राहू' म्हटले, इंग्लंड आणि वेल्सने 'बाहेर'. तरुणांचा ओढा एकीकडे, वयस्कांचा दुसरीकडे. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधान गेले, आणि तू कोणत्या बाजूचा हीच माणसाची ओळख होऊन बसली.

या सगळ्यात बायकांच्या वाट्याला काय आले? मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ ला, जो कॉक्स या मजूर पक्षाच्या खासदार बाईंचा त्यांच्याच मतदारसंघात भररस्त्यात खून झाला. त्या युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने काम करत होत्या. वय ४१, घरी दोन लहान मुले. पुढे २०१९ च्या निवडणुकीत पुन्हा उभे राहायचे नाही असे ठरवताना काही महिला खासदारांनी शिवीगाळ आणि धमक्या हे एक कारण म्हणून सांगितले. वाद व्यापाराचा आणि सरहद्दीचा होता, पण राग काढायला बाई सापडली.

पालीसारख्या तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या मला इतक्या लांबच्या गोष्टीशी काय करायचे, असे कुणी विचारील. मला करायचे आहे, कारण 'हो की नाही' या प्रश्नावर गाव कसे उभे चिरले जाते हे रायगड जिल्ह्यात आपण नेहमी पाहतो. आपल्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी उजवी पडली काय किंवा डावी पडली काय, कुणी कुणावर रुसत नाही, कारण कौल देवाने दिलेला असतो. माणसांच्या कौलाचे तसे नाही. तो शेजारणीने, जावेने, चुलत दिराने दिलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी त्याच विहिरीवर भरायचे असते.

आमच्या भागात पंचायतीची निवडणूक, पाण्याच्या योजनेची जागा, देवळाचा हिशेब, कशावरूनही दोन पार्ट्या पडतात. मग गावकी बसते. निर्णय पुष्कळदा मुंबईच्या मंडळाच्या संमतीने होतो, आणि बैठकीत बाई नसते. ठरते ते मात्र बाईला भोगावे लागते. अमक्या घराशी बोलायचे नाही, दळण द्यायचे नाही, हळदीकुंकवाला बोलवायचे नाही. वाळीत टाकलेल्या घरातला पुरुष एसटी पकडून कामाला निघून जातो; विहिरीवर, दुकानात, गिरणीत रोज तोंड द्यावे लागते ते त्याच्या बायकोला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. त्या मागणीमागे रायगडमधल्या वाळीत प्रकरणांचा मोठा वाटा होता. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण तक्रार करून त्याच गावात राहायचे म्हणजे काय, हे त्या बाईला विचारावे.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'लोकसहभाग' हा शब्द शिकवला गेला. लोकांना विचारा, लोक ठरवतील. मलाही ते मान्य आहे. पण विचारताना 'लोक' म्हणजे कोण, हे आधी ठरलेले असते, आणि तिथेच सगळी मेख असते.

ब्रिटनचेच पाहा. त्या मतदानात तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांना मत होते, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. पण वीस वर्षे तिथल्या इस्पितळात रुग्णसेवा करणाऱ्या पोलंडच्या परिचारिकेला मत नव्हते. निर्णय तिच्या राहण्याचा, आणि मोजणीत ती नाही!

आता आपल्या शेजारच्या पेण तालुक्यात या. महामुंबई सेझसाठी जमिनी द्यायच्या की नाहीत, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. त्यामागे प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशांच्या नेतृत्वाखालचा मोठा लढा होता, आणि मोर्चात, ठिय्यात बायका पुढे होत्या. शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने 'नाही' म्हटले. जमिनीसाठी आधी विचारावे लागते, हे या कौलाने देशाला दाखवून दिले. त्याचा मला अभिमान आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मत होते खातेदाराला, म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. सातबाऱ्यावर बायकांची नावे किती असतात? लावणीला चिखलात ती, बेणायला ती, कापणीला ती. विचारायची वेळ आली की खातेदार तो. चरीच्या संपाचा हा जिल्हा. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध जमिनी ओस ठेवल्या. पुढे कूळकायदा आला आणि जमीन कसणाऱ्याची झाली. कसणारीची मात्र झाली नाही.

याच्या उलट उदाहरण दारूच्या बाटलीचे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर 'उभी बाटली की आडवी बाटली' असे मतदान घेता येते, आणि ते केवळ महिलांचेही घेता येते. हा आपल्या चळवळीने मिळवलेला हक्क आहे. पण त्यातली अट वाचा. झालेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेली, जी मेली पण यादीतून नाव गेले नाही, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्या जातात. ब्रिटनच्या कौलाला ही अट लावली असती तर? तिथे मतदान ७२ टक्के झाले होते. म्हणजे 'बाहेर' म्हणणारे एकूण मतदारांच्या ३७-३८ टक्केच भरतात. एवढ्यावर एक देश सत्तेचाळीस वर्षांचा संसार मोडून बाहेर पडू शकतो, पण एका गावातल्या बायकांना एक दुकान बंद करता येत नाही. मोजणीचे नियम कोण ठरवते आणि ते कुणासाठी कडक होतात, हे यावरून कळावे.

मोजणी न्याय्य झाली, असे समजू. तरी दुसऱ्या दिवशीचे काय? याचे उत्तर शोधायला आपल्याला ब्रिटनला जायला नको, गोव्यात जाऊ.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला. लगेच प्रश्न आला, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे? १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. संसदेने कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. निःपक्षपातीपणासाठी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याआधीच राजीनामा दिला होता. मतपत्रिकेवर फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

मराठी वाचकाला हा पराभव भाषेचा वाटला. पण फुलावर शिक्का मारणाऱ्या अनेकांच्या मनात भाषेइतकीच जमीन होती. कुळे आणि मुंडकार, म्हणजे ज्यांच्या घराखालची जागासुद्धा भाटकाराची, अशा बहुजनांना महाराष्ट्रात गेलो तर कूळकायद्याचे संरक्षण मिळेल ही आशा होती. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती होते तसे कोकणीवर जीव असणारे हिंदूही होते. आपण मोठ्या राज्यात विरघळून जाऊ ही त्यांची भीती खोटी नव्हती. मतपत्रिकेवर ना आशा छापलेली होती, ना भीती. होते फक्त फूल आणि पाने.

आणखी एक गोष्ट तिथे छापलेली नव्हती. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. वारशात मुलगा-मुलगी समान. व्यवहारात नवऱ्याचाच शब्द चाले आणि मुलींकडून हक्कसोड घेतले जाई, हे खरे. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर तिथेही आहे. पण कागदावर तरी होता. आपल्या महाराष्ट्रात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलासारखा हिस्सा मिळायला १९९४ साल उजाडावे लागले. म्हणजे १९६७ ला गोव्यातल्या बाईच्या शिक्क्याखाली तिच्या मालमत्तेचा प्रश्नही दडलेला होता. फूल की पाने, एवढेच तिला विचारले गेले.

कौलानंतर गोव्यात काय झाले ते फार महत्त्वाचे आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाच्या मुद्द्यावर हरलेला पक्षच पुन्हा निवडून आला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. आम्हाला विलीन व्हायचे नाही, पण तुमचे राज्य चालेल, असे गोव्याने सांगितले. माणसे एका प्रश्नाच्या उत्तरात संपत नाहीत हे त्या मतदारांना कळले होते. १९७३ मध्ये बांदोडकर वारले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्याच काळात १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळकायद्यातली दुरुस्ती झाली. ज्या मागणीसाठी लोकांनी फुलावर शिक्का मारला होता, तिचा मोठा भाग दोन पानांच्या गोव्यातच पदरात पडला. ती जखम भरायला याचीच मदत झाली.

भाषेचा प्रश्न मात्र तसाच ठेवला गेला, आणि वीस वर्षांनी तो भडकला. १९८५ ते १९८७ च्या आंदोलनात माणसे मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ ला गोवा राज्य बनले. जो प्रश्न सोडवला तो मिटला, जो टाळला तो वर आला.

ब्रिटनला हेच जमले नाही असे मला वाटते. बाहेर पडा म्हणणाऱ्यांत बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांतली माणसे होती. त्यांना वर्षानुवर्षे कुणी विचारले नव्हते. राहू म्हणणाऱ्यांनी त्यांना अडाणी ठरवले, आणि जिंकल्यावर त्यांच्या नेत्यांनी हरलेल्यांना देशद्रोही ठरवले. हरलेल्याची भीती काय होती, हे जिंकणाऱ्याने विचारले नाही. बाहेर पडायचे म्हणजे नेमके काय करायचे, हेही मतदानाआधी ठरलेले नव्हते.

आमच्या भागातल्या एका गावात निवडणुकीनंतर महिलांचा बचत गट फुटायला आला होता. अध्यक्ष एका पार्टीच्या घरातली, सचिव दुसऱ्या. तीन बैठका झाल्या नाहीत. चौथ्या बैठकीला बायका आल्या त्या समेट करायला नव्हे. एकीच्या कर्जाचा हप्ता थकला होता, आणि तिच्या मुलीचे दवाखान्यात नाव लागले होते. पैसे द्यायचे की नाही, यावर दोन्ही पार्ट्यांच्या बायका तासभर भांडल्या आणि शेवटी हप्ता पुढे ढकलला. गट टिकला. पुरुष अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

यावरून बायका जात्याच शहाण्या असतात असे मी म्हणणार नाही; वाळीत पाळण्यात बायकाही कडक असतात. मुद्दा असा की भांडण झाल्यावरही एकत्र बसायला भाग पाडणारे काही काम हातात असेल, तर दुसरा दिवस काढता येतो.

कौल नकोत, असा याचा अर्थ नाही. न विचारता ठरवणाऱ्यांचे राज्य आपण पुष्कळ भोगले. पण कुठलाही कौल लागणार असेल, मग तो देशाचा असो की वाडीचा, तर आपण बायकांनी आधी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. एक, मोजणीत कोण आहे? मतदारयादीत आणि सातबाऱ्यावर आपले नाव आहे का? नसेल तर ते लावण्याचे काम आजच सुरू करायचे. दोन, 'हो' म्हटले तर काय होणार आणि 'नाही' म्हटले तर काय होणार, हे लेखी कुठे आहे? आणि तीन, जे हरतील त्यांच्या मागणीचे काय करणार?

तिसरा प्रश्न बैठकीत विचारला की पुरुष हसतात. आधी जिंकू तर द्या, म्हणतात. तो जिंकण्याआधीच विचारायचा असतो. नंतर ऐकायला कुणी थांबत नाही.