मोबाइल घेताना पहिली परीक्षा मराठीची

सीमाबांधवांनो,

मध्यम किमतीचा मोबाइल, म्हणजे ढोबळमानाने पंधरा ते तीस हजार रुपयांतला, ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील सर्वसाधारण मराठी कुटुंबात बँकेचे संदेश, उसाच्या बिलाची चौकशी, मुलांच्या शाळेच्या सूचना, रुग्णालयाची वेळ आणि पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या मुलाची खुशाली हे सारे याच एका यंत्रातून येते. एका घराचा दोन-तीन महिन्यांचा किराणा ज्या रकमेत भरेल ती रक्कम आपण त्यासाठी मोजतो. तेव्हा ते यंत्र पारखून घ्यावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप आहे तो पारखण्याच्या प्रचलित पद्धतीवर.

कोणतेही परीक्षण उघडून पाहा. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती क्षमतेची, पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो, खेळ खेळताना यंत्र किती तापते, याचे तपशील रकानेच्या रकाने भरून दिलेले असतात. या यंत्रावर 'शेतकऱ्यांना' हा शब्द बिनचूक उमटतो की नाही, हे मात्र बहुधा कोणीही पाहत नाही. मराठीतून लिहिलेल्या परीक्षणांतही मराठीला एक ओळ मिळत नाही. ज्या वस्तूचा निम्म्याहून अधिक उपयोग वाचणे, लिहिणे आणि बोलणे हाच आहे, तिचे मोल भाषा वगळून ठरवणे म्हणजे बैलाची शिंगे मोजून तो औताला कसा चालेल हे सांगण्यासारखे आहे.

बॅटरी, साठवण आणि कॅमेरा यांविषयी आम्हाला फार सांगायचे नाही. या किमतीतील बहुतेक मोबाइल दिवसभराच्या कामाला पुरतात. आपल्या भागातील पावसाचा विचार करून पाण्यापासून संरक्षण किती ते पाहावे आणि प्रणालीची अद्ययावत आवृत्ती किती वर्षे मिळणार ते विचारावे. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अक्षरांच्या मांडणीतील सुधारणा पुष्कळदा त्या आवृत्त्यांबरोबरच येतात. खरी परीक्षा पुढे आहे. ती बेळगावच्या गणपत गल्लीतील किंवा निपाणीच्या बाजारपेठेतील दुकानात, पैसे देण्यापूर्वी, दहा मिनिटांत करता येते.

१. कळफलक

मराठीचा कळफलक निवडून पुढील शब्द लिहून पाहावेत : शेतकऱ्यांना, कऱ्हाडकर, ॲड., ऑगस्ट, बेळगाव, क्लृप्ती, ज्ञानेश्वर. हे शब्द आम्ही सहज निवडलेले नाहीत. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतील अर्धा र ही मराठीची खास गरज आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. 'आचार्यांना' म्हटले की गुरू डोळ्यांसमोर येतात आणि 'आचाऱ्यांना' म्हटले की लग्नाच्या पंक्तीचा स्वयंपाक करणारे. हिंदीला हा भेद लागत नाही. म्हणून हिंदीसाठी घडवलेल्या कळफलकावर तो सापडत नाही, 'ळ' कोठेतरी आत दडून बसतो, आणि 'नाही' लिहू लागताच यंत्र 'नहीं' पुढे सरकवते. लिपी एक असली तरी भाषा दोन आहेत. "देवनागरी आहे ना, मग चालेल" असे विक्रेता म्हणाला, तर ते मान्य करू नये.

२. शोध

पडद्यावर दिसणारे अक्षर आणि यंत्राच्या आत साठवलेले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त येतात. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण येते. 'ॲ'चेही तसेच आहे. हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आले. त्यापूर्वी 'अ'वर चंद्र जोडून काम भागवले जात असे आणि आजही अनेक ठिकाणी तसेच लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राने त्यांची सांगड घातलेली नसेल, तर एका रूपात साठवलेले नाव दुसऱ्या रूपात शोधल्यावर सापडत नाही. वकिलांचा क्रमांक 'ॲड.' या नावाखाली साठवून तो दोन्ही प्रकारे शोधून पाहावा. क्रमांक मोबाइलमध्ये असूनही ऐन वेळी हाती लागत नसेल, तर तो दोष किरकोळ मानता येत नाही.

३. अक्षरांचे वळण

मराठीचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही आपल्या लेखनपरंपरेची वळणे आहेत. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयीच्या निर्णयात ती प्रमाण मानली आहेत. आजच्या फाँटव्यवस्थेत एकाच फाँटमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे ठेवता येतात. यंत्राची भाषा मराठी आहे असे फाँटला कळले, की मराठी वळण आपोआप उमटू शकते. म्हणून मराठी निवडल्यावर 'ल' आणि 'श' बदलतात का, हे पाहावे. त्याचबरोबर अक्षरे मोठी केल्यावर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जात नाहीत ना, तेही पाहावे. ज्या घरात सत्तरीची आजी मोबाइल वापरते, त्या घरासाठी ही तपासणी कॅमेऱ्याच्या तपासणीपेक्षा अधिक मोलाची आहे.

४. बोलून लिहिणे

ज्यांची बोटे कळफलकावर वळत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय वरदान ठरते. गूगलने २०१७ मध्ये बोलून लिहिण्याच्या भाषांत मराठीचा समावेश केला. परंतु यंत्राला शिकवलेली मराठी आणि आपल्या घरातील मराठी यांत अंतर आहे. 'जायलोय', 'करायलोय' असे बोलणाऱ्या माणसाने आपल्या नेहमीच्या बोलीतच दोन वाक्ये सांगून पाहावीत. यंत्रासाठी आपली बोली बदलू नये. आपल्या बोलीला अशुद्ध ठरवण्याचा अधिकार कोणाही यंत्राला नाही.

५. कन्नड वाचन

ही परीक्षा पुण्या-नागपूरच्या मराठी माणसाला सुचणार नाही, पण आपल्याला ती चुकवता येत नाही. जमिनीचा उतारा, वीजबिल, ग्रामपंचायतीची नोटीस हे कागद आपल्या हाती कन्नडमधून येतात. कॅमेरा कागदावर धरून कन्नड मजकुराचे मराठी भाषांतर करण्याची सोय आज उपलब्ध आहे, तेव्हा ती दुकानातच तपासून घ्यावी. अक्षरे स्पष्ट टिपणारा कॅमेरा आपल्याला लागतो तो मुख्यतः यासाठी. मात्र जमीन, वारसा किंवा न्यायालय यांच्याशी संबंधित कागदावर यंत्राच्या भाषांतराच्या भरवशावर सही करू नये. एका चुकीच्या शब्दाने हिस्सा जाऊ शकतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचे भांडण कन्नड भाषेशी नाही. ती आपल्या शेजाऱ्यांची समृद्ध भाषा आहे आणि सीमाभागातील मराठी माणूस ती बोलतोही. किंबहुना संगणकावर आपली भाषा रुजवण्याच्या बाबतीत कन्नडिगांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. के. पी. राव यांनी घडवलेला कळफलक, 'बरह' आणि 'नुडी' यांसारख्या लेखनप्रणाली या भाषेची काळजी वाहणाऱ्या माणसांच्या चिकाटीतून उभ्या राहिल्या. भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे मोठे काम करणारी सी-डॅक ही संस्था तर पुण्यात आहे. असे असूनही मराठी माणूस आपला मोबाइल इंग्रजीत ठेवतो आणि आईला "kashi ahes" ऐवजी 'कशी आहेस' असे देवनागरीत लिहिण्याचा कंटाळा करतो. याचा दोष शेजाऱ्यावर ढकलता येणार नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोबाइलमधील भारतीय भाषांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक लागू करण्याचे ठरवले. त्यानुसार मोबाइलवर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे. लिहिण्याची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेपुरतीच सक्तीची आहे. ही तिसरी भाषा कोणती, हे उत्पादकावर सोपवलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठी वाचण्याचा हक्क मानकाने दिला, पण लिहिण्याचा हक्क उत्पादकाच्या मर्जीवर ठेवला. बाजाराची आखणी राज्यवार होते आणि आपण ज्या राज्याच्या नकाशात आहोत तेथे आपली भाषा पहिली धरली जात नाही. म्हणून ही मर्जी आपल्याला इतरांपेक्षा अधिक महाग पडू शकते. बावीसही भाषांत लिहिण्याची सोय सक्तीची करावी, ही आमची मागणी आहे. आज बहुतेक स्मार्टफोनवर मराठी कळफलक उतरवून घेता येतो हे खरे. पण जो मागेल त्यालाच मिळते ती सवलत असते, हक्क नव्हे.

काही आक्षेपांना उत्तर देणे भाग आहे.

"मोबाइलमधले मराठी शब्द बोजड असतात." काही शब्द तसे आहेत, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु वापरणारे असले तरच शब्द सुधारतात. ओसाड घराची डागडुजी कोणी करत नाही.

"मुले इंग्रजीत मागे पडतील." एकाच मोबाइलवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कळफलक ठेवता येतात. अँड्रॉइडच्या १३ व्या आवृत्तीपासून तर प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा निवडण्याची सोय आहे. मराठी ठेवल्याने इंग्रजी जात नाही. मराठी काढून टाकल्यावर मात्र मूल देवनागरीत लिहिणे विसरते, आणि पुढे आपल्याच गावातील मराठी शाळा त्याला परकी वाटू लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत घातक आहे : "भाषांतराची सोय मोबाइलमध्ये आहे, मग मराठी कागदपत्रे हवीत कशाला?" हा युक्तिवाद आज दबक्या आवाजात होतो, उद्या तो फायलीवर येईल. त्याला आत्ताच उत्तर दिले पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले धोरण आहे. ते कर्तव्य शासनाचे आहे. नागरिकाने स्वतःच्या खिशातून वीस हजारांचे यंत्र घेऊन शासनाचे ते कर्तव्य पार पाडावे, असे कोणताही कायदा सांगत नाही. भाषांतराची सोय ही अडचणीच्या वेळची काठी आहे. काठी हाती आली म्हणून रस्ता दुरुस्त करण्याची मागणी सोडायची नसते.

१ नोव्हेंबर १९५६ पासून आपली गणती इतरांनी केली. आयोग आले, जनगणना झाल्या, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या साऱ्यांचा निकाल आपल्या हाती नाही. मोबाइलची भाषा मात्र आपल्या हाती आहे. आपण यंत्राची भाषा मराठी ठेवतो तेव्हा ते यंत्र उघडलेल्या संकेतस्थळांना आणि ॲपना आपली पसंती कळवत असते. इंग्रजीत ठेवलेला प्रत्येक मराठी माणसाचा मोबाइल या मोजणीत इंग्रजीच्या खात्यात जमा होतो. मग "मराठीला मागणी नाही" असे उत्तर मिळाले, तर त्याचा पुरावा आपणच पुरवलेला असतो.

म्हणून आमचे आवाहन असे. नवा मोबाइल घेताना वरच्या पाच परीक्षा दुकानातच घ्याव्यात आणि त्यांत न उतरणारे यंत्र, ते का नाकारले हे विक्रेत्याला सांगून, परत ठेवावे. हातातील मोबाइलची भाषा आजच मराठी करावी आणि कन्नड व इंग्रजी कळफलक सोबत ठेवावेत. घरातील ज्येष्ठांच्या मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय सुरू करून द्यावी. चुकीचा शब्द किंवा तुटलेले अक्षर दिसले, तर यंत्रातील अभिप्रायाच्या जागी ते मराठीतून कळवावे. आणि मोबाइलची परीक्षणे करणाऱ्या मराठी तरुणांना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : यावर 'शेतकऱ्यांना' नीट लिहिता येते का?