उघड्या उताराचा अपुरा पाठ

वनस्पती काढून टाकल्यास डोंगरउताराची धूप होते, हे शाळांतून बहुधा एकाच पद्धतीने शिकवले जाते. मातीचे दोन ट्रे तिरके ठेवून, एक उघडा आणि एक गवताचा, दोन्हींवर झारीने पाणी सोडतात, उघड्या ट्रेखाली साचलेले गढूळ पाणी मुलांना दाखवतात आणि 'झाडे लावा' हा निष्कर्ष फळ्यावर लिहितात. हा प्रयोग स्वस्त आहे आणि मुलांना पटतोही. पण तेवढ्यावरून तो पुरेसा मानणाऱ्यांचे म्हणणे टिकत नाही.

मुळात ट्रेमध्ये माती धरून ठेवते ते गवत, आणि श्रेय मिळते झाडाला. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळून मातीचे कण उडवतो. या उसळी धुपीला आवरतो तो जमिनीलगतचा थर, म्हणजे गवत, कारवीसारखी झुडपे आणि पाचोळा. हा थर नसेल तर पुढे पाणी मातीचा पातळ पापुद्रा सोलून नेते (सालकाढी धूप), मग ओघळ आणि अखेर घळी पडतात. सागाच्या रुंद पानांवर पाणी साचून अधिक मोठे थेंब खाली पडत असल्यामुळे, वणव्याने तळ जळालेल्या सागवनात झाडे उभी असूनही माती वाहते. वृक्षारोपणाच्या उत्साहात उतारावरचे गवत खरवडून खड्डे खणणारी शाळा तर जे वाचवायचे तेच आधी नष्ट करते.

दुसरा दोष काळाचा आहे. ट्रेमध्ये परिणाम तत्काळ दिसतो. डोंगरावर मात्र तोडलेल्या झाडाची मुळे काही वर्षे माती बांधून ठेवतात आणि कुजल्यावरच उतार दुबळा होतो, म्हणून तोड आणि पडझड यांचा संबंध गावाच्याही लक्षात येत नाही.

याउलट, दरडी अतिवृष्टीने आणि भूरचनेमुळे कोसळतात, वनस्पतींचा त्याच्याशी संबंध नाही, असाही एक पक्ष आहे. त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो मुलांपासून लपवू नये. सह्याद्रीत झिजलेल्या बेसॉल्टचा जाड थर पाण्याने तुडुंब भरला आणि घसरणीचा पृष्ठभाग मुळांच्या आवाक्याखाली असला, तर दाट झाडीही तो थर रोखू शकत नाही. पण एवढ्यावरून उताराशी केलेली छेडछाड निर्दोष ठरत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा मुसळधार पावसाबरोबरच शेतीसाठी उतार सपाट करण्याच्या कामांचीही चर्चा झाली, ती अनाठायी नव्हती. पृष्ठभागाची धूप आणि खोल दरड या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, हे शिकवल्याशिवाय दोन्ही पक्षांची अर्धसत्ये खोडता येणार नाहीत.

म्हणून पाठ उतारावरच व्हावा. भर पावसात मुलांना तेथे नेणे धोक्याचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याची गरजही नाही. मे महिन्यात शाळेजवळच्या सौम्य उतारावर, वणव्याने जळालेल्या, गवताच्या आणि झुडपांच्या अशा तीन जागी लोखंडी सळ्या ठोकून जमिनीची पातळी खुणेने नोंदवावी आणि दसऱ्यानंतर ती पुन्हा मोजावी. अभ्यासक्रमात वेळ नाही ही सबब येथे लटकी पडते, कारण याला दोन तासिका पुरतात. त्याच सळ्या तशाच ठेवून पुढच्या इयत्तेने मोजणी चालू ठेवली, तर ट्रे जे दाखवू शकत नाही ते, म्हणजे काही वर्षांत उतारावरून गेलेली माती, आकड्यांत मुलांच्या हाती येते.