आधी कॅल्क्युलेटर पाठ करा!

परवा भाची आली होती. इथेच, संभाजीनगरात बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉप नवा कोरा आणि पडद्यावर तीच जुनी निळी खिडकी, टर्बो सी प्लस प्लस! "मामा, हे डॉसबॉक्समध्येच का चालवायचं?" आता काय सांगणार? बोरलँडने १९९० साली आणलेला हा कम्पायलर १६ बिटांचा. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो चालत नाही, म्हणून आधी डॉसचं सोंग उभं करायचं. सी प्लस प्लसचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं १९९८ साली, म्हणजे पोरगी घोकतेय ते त्याच्याही आधीचं.

मला माझा क्लास आठवला. २००४ साल, तेव्हाचं औरंगाबाद, व्हिज्युअल बेसिक ६. फॉर्मवर बटण ओढून आणलं, एक ओळ लिहिली, बटण दाबलं आणि चौकटीत माझं नाव आलं. त्या दिवशी सायकल जमिनीवर नव्हतीच! दुसऱ्या दिवशी सरांनी जर्नल पुढे टाकलं. "कॅल्क्युलेटरचा कोड पाठ करा, परीक्षेला तोच येतो." केला पाठ. कुणाला हवा होता तो कॅल्क्युलेटर? विंडोजमध्ये आयता होताच की.

हवं होतं काकांना. गुलमंडीजवळ त्यांचं किराणा दुकान. "अरे, एवढी फी भरलीस, माझी उधारी तरी कॉम्प्युटरवर घे." बसलो. पहिल्याच गिऱ्हाइकाचं नाव मराठीत टाईप केलं आणि चौकटीत आलं काय, तर प्रश्नचिन्हांची रांग. तेच नाव नोटपॅडमध्ये नीट दिसत होतं! सरांना विचारलं, तर "ते सिलॅबसमध्ये नाही."

कारण फार नंतर कळलं. व्हीबीच्या पोटात अक्षरं युनिकोडमध्येच असतात, पण फॉर्मवरच्या चौकटी विंडोजच्या जुन्या कोडपेजवर चालतात, आणि देवनागरीला तसं कोडपेज नव्हतंच. मग इंग्रजी अक्षरांवर मराठी चेहरा चढवणारा फॉन्ट लावला. दिसायला झकास. पण यादी अक्षरानुसार लावली की 'क' एकीकडे, 'ख' भलतीकडे. काका दोन आठवड्यांत लाल वहीकडे परतले. शिवाय वहीत तीन सुनीताबाई होत्या, एक पडेगाववाली, एक शाळेजवळची, एक नुसतीच. माझ्या प्रोग्राममध्ये तिघींची उधारी एकाच खात्यात! प्रत्येक नोंदीला वेगळी ओळख लागते, हे मी शिकलो ते काकांच्या शिव्या खाऊन.

म्हणून "आता डेस्कटॉप कोण शिकतं? वेब शिक, ॲप शिक" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपल्या बाजारपेठेतल्या काउंटरवर जाऊन बघा, टॅली कशावर चालतंय ते. आणि नवशिक्याला वेब म्हणजे तीन भाषा, एक सर्व्हर आणि चूक नेमकी कुठे झाली याचा पत्ता नाही. खिडकी, बटण आणि डिस्कवरची एक फाईल, एवढं त्याला पूर्ण समजू शकतं. नेट गेलं तरी दुकान चालू! आता तर म्हणे एआयच कोड लिहून देतं. देऊ दे. पण सुनीताबाई तीन आहेत हे त्याला सांगणार कोण? जो दुकानात उभा राहिलाय तोच ना?

राग जुन्या सॉफ्टवेअरवर नाहीये हो. व्हीबीच्या विकासपटलाला मायक्रोसॉफ्टने २००८ सालीच रामराम ठोकला, आणि तरी तेवढं सोपं पहिलं बटण मला पुन्हा क्वचितच भेटलं. राग आहे तो पोराला वापरणारा माणूस न दाखवता प्रोग्राम पाठ करायला लावणाऱ्यांवर.

असो. भाचीला म्हटलं, डॉसबॉक्स बंद कर. पायथॉन टाकलं. विंडोजवर त्याच्यासोबत टीकिंटर आपसूक येतं, खिडक्या-बटणं त्यातच. तिने चौकटीत मराठीत नाव टाकलं, दिसलं. मग रक्कम टाकली, तीही '५००' अशी देवनागरी आकड्यांत. मला वाटलं, आता अडणार. पण पायथॉनने ते मुकाट पाचशे धरले! मी तर खुर्चीतून उठलोच. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

काकांचं दुकान आता चुलतभाऊ बघतो. रविवारी तिला तिथे घेऊन गेलो. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "छान आहे गं, पण अर्धेच पैसे दिले तर कुठे लिहायचं?" ती तिथेच पोत्यावर बसून वही चाळायला लागली.