कैफियतीवाचून निकाल

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात, १९ तारखेस, इंदूरच्या होळकर मैदानावर भारताचा महिला क्रिकेट संघ इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी पराभूत झाला, आणि विश्वचषक स्पर्धेतील हा लागोपाठचा तिसरा पराभव असल्यामुळे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून जी फिर्याद गुदरली गेली, तिच्यात आरोप, पुरावा व शिक्षा ही तिन्ही कलमे बहुधा एकाच स्तंभात उरकलेली होती. त्यानंतर चौदाव्या दिवशी, २ नोव्हेंबरला, त्याच संघाने नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पाडाव करून विश्वचषक जिंकला, आणि मुजुमदार यांची स्थापना चित्रपटातल्या प्रशिक्षक कबीर खानाच्या आसनावर झाली. या दोन निकालांपैकी दुसऱ्याने पहिला आपोआप रद्दबातल केला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला दोन्ही निकाल सारखेच संशयास्पद वाटतात.

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी बसून राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या चर्चेची खरी गरज आम्हांलाच आहे. मुंबईच्या रसिकाला निदान मैदानाच्या कुंपणापाशी उभे राहून सराव पाहता येतो, कोणा माजी खेळाडूकडून आतली हकीकत ऐकता येते. दुधना नदीच्या काठावरील आमच्या वाचकाच्या हाती धावफलक आणि वर्तमानपत्र यांखेरीज काहीच नसते. प्रशिक्षकाचे सारे काम पडद्याआड चालणारे, आणि त्या पडद्याआडचे सांगणारा साक्षीदार एकच. तोच साक्षीदार न्यायासनावर जाऊन बसला म्हणजे वाचकाने दाद कोणाकडे मागावी? तहसील आणि मुन्सफ कोर्टाच्या पायऱ्या झिजवून शहाणा झालेला आमच्या भागातला शेतकरीसुद्धा प्रतिवादीची कैफियत दाखल झाल्यावाचून दिलेला हुकूम मनापासून मानीत नाही.

आता मूळ आरोपांकडे वळू. विशाखापट्टणमला ९ ऑक्टोबर रोजी दक्षिण आफ्रिकेने भारताच्या २५१ धावा ओलांडल्या, आणि तीन दिवसांनी त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाने ३३१ धावांचे, महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर कोणत्याही संघाने न गाठलेले, लक्ष्य गाठले. पाचच प्रमुख गोलंदाजांवर भिस्त ठेवून संघ का उतरतो, हा समीक्षकांचा प्रश्न त्या वेळी सर्वस्वी रास्त होता. इंदूरला सहावी गोलंदाज आली. रेणुकासिंह ठाकूर संघात आली, आणि तिला जागा करून देण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्ज बाहेर बसली. मग २८९ धावांचा पाठलाग करताना संघ २८४ वर थांबला, तेव्हा एक फलंदाज कमी का खेळविली, असा नेमका उलट प्रश्न विचारला जाऊ लागला! ज्यांनी सहाव्या गोलंदाजाची मागणी केली होती, त्यांनी ती पुरी करताना कोणाला वगळावे हे सांगण्याची तसदी घेतली नव्हती. अकरा जागांत बारावी व्यक्ती बसत नाही, एवढी अडचण लेखकाला टाळता येते. प्रशिक्षकाला येत नाही.

तथापि, म्हणून त्या टीकेत तथ्यच नव्हते असे मात्र नाही, आणि येथे मुजुमदार यांच्या कैवाऱ्यांशी माझा मतभेद आहे. त्याआधीच्या चार डावांत जेमिमा दोनदा शून्यावर बाद झाली होती हे खरे. पण उपान्त्य फेरी डोळ्यांसमोर असताना, दडपणाखाली धावांचा पाठलाग करण्याची ज्यांच्यात कुवत आहे अशा मोजक्या फलंदाजांपैकी एक बाहेर ठेवणे हा निर्णय त्याच दिवशी, सामन्याचा पहिला चेंडू पडण्यापूर्वीच, शंकास्पद होता, आणि ज्यांनी तसे लिहिले त्यांनी आपले कर्तव्यच केले. पुढच्याच सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, जेमिमा तिसऱ्या क्रमांकावर येऊन ७६ धावांवर नाबाद राहिली. ३० ऑक्टोबरच्या उपान्त्य सामन्यात तिच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा मागे टाकल्या गेल्या. संघाने चूक दुरुस्त केली. विजयानंतर टीकाकारांची तोंडे बंद झाली असे जे सांगितले जाते ते म्हणूनच विपरीत आहे: या एका मुद्द्यावर टीकाकारांचेच म्हणणे खरे ठरले होते. आणि उपान्त्य सामन्यात जेमिमा पहिल्याच चेंडूवर बाद झाली असती, तरी इंदूरचा आक्षेप तितकाच न्याय्य राहिला असता.

याउलट, जी टीका त्या दिवशीच गैर होती ती चषक हरल्यानेही योग्य ठरली नसती. इंदूरला स्मृती मानधना बाद झाली तेव्हा साठांहून कमी धावा हव्या होत्या आणि सहा गडी हाताशी होते. आपला तो फटका चुकला हे सांगलीच्या त्या मुलीने स्वतः पुढे होऊन कबूल केले. एका खेळाडूच्या एका फटक्याचे उत्तरदायित्व तंबूत बसलेल्या माणसाच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. ‘भारताकडून एकही सामना न खेळलेला’ हे जे विशेषण मुजुमदार यांच्या नावाला कायमचे चिकटविण्यात आले आहे, त्याचीही गत तीच. रणजी पदार्पणातच २६० धावा आणि पुढे प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा करणाऱ्या फलंदाजाला संधी मिळाली नाही, यात त्याच्या शिकविण्याच्या योग्यतेचा पुरावा शोधणे व्यर्थ आहे. पराजयात तो दोष नव्हता, तसाच विजयात तो गुणही नाही. श्रेयाच्या बाबतीतही हेच. शेफाली वर्मा मूळ संघात नव्हती. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून ती आली आणि अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी देऊन गेली. त्यात प्रशिक्षकाच्या दूरदृष्टीपेक्षा दैवाचा वाटा अधिक होता, हे लिहिण्याचे धैर्य त्या आठवड्यात फारसे कोणी दाखविले नाही.

केवळ निकालावरून न्याय करण्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडीज व इंग्लंड जिंकून आणल्यावर याच इंदूरने काँक्रीटची बॅट उभारून विजयाचे स्मारक केले, आणि १९७४ मध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद होऊन तोच संघ परतला तेव्हा त्या स्मारकाची विटंबना झाली. पुढे संघव्यवस्थापक म्हणून वाडेकरांनी १९९३ मध्ये इंग्लंडला मायदेशी ३–० असे हरविलेले पाहिले. तरी १९९६ च्या विश्वचषकातील कोलकात्याच्या उपान्त्य सामन्यात श्रीलंकेला प्रथम फलंदाजी दिली गेली, एवढाच त्यांच्या कारकीर्दीचा गोषवारा लोकांच्या स्मरणात उरला. वास्तविक त्याच श्रीलंकेने दिल्लीत अकराच दिवसांपूर्वी भारताच्या २७१ धावा लीलया ओलांडल्या होत्या. तिला पाठलागाची संधी नाकारावी, हा विचार आततायी खचित नव्हता. खेळपट्टी फिरली आणि ९८ वर १ चे १२० वर ८ झाले. वाडेकरांच्या जागी आलेले संदीप पाटील यांना इंग्लंडचा दौरा फसल्यावर काही महिन्यांतच निरोप मिळाला. त्याच दौऱ्यात गांगुली व द्रविड यांनी कसोटी पदार्पण केले, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर कोणी जमा केली नाही. याच पाटलांनी २००३ मध्ये केनियाला विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत नेले. (न्यूझीलंडने नैरोबीला जाण्याचे नाकारल्याने केनियाला फुकटचे गुण मिळाले, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे, परंतु श्रीलंकेला केनियाने मैदानावरच हरविले होते.)

याउलट, रग्बी हा जेथे जवळजवळ राष्ट्रधर्म आहे त्या न्यूझीलंडमध्ये २००७ च्या विश्वचषकाच्या उपउपान्त्य फेरीतच फ्रान्सकडून पराभव झाल्यावर प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण तेथील संघटनेने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, अन्य उमेदवाराचाही विचार केला, आणि हेन्रींनाच पुन्हा नेमले. २०११ मध्ये त्यांनी चषक जिंकून दिला, तोही फ्रान्सलाच ८–७ असे हरवून. माझा रोख चषकावर नाही; नेमणुकीपूर्वी रीतसर चौकशी झाली, यावर आहे.

एका गोष्टीचे मात्र मला समाधान आहे. महिला संघाच्या पराभवाची वार्ता पूर्वी आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत संपत असे. आता संघनिवडीवरून वाद होतो, म्हणजे त्या खेळाची गणना गंभीर विषयांत झाली. टीका थांबावी असे म्हणणारा मी नव्हे. क्रीडासंपादकांना एवढीच विनंती आहे की, पुढच्या पराभवानंतर प्रशिक्षकाविरुद्ध स्तंभ छापाल तेव्हा त्याला कोणता प्रश्न विचारला आणि त्याने काय खुलासा केला, हे त्याच पानावर, त्याच टंकात छापा. खुलासा मिळाला नसेल तर तसेही छापा. पुढचे आम्ही वाचक पाहून घेऊ.