मंजुरी आहे, वाटप नाही
स्तनाचा कर्करोग हा सुखवस्तूंचा रोग, असे आपण समजतो. उशिरा बाळंतपण, कमी मुले यांमुळे तो त्यांच्यात अधिक आढळतो, हे खरे. पण वाचण्याची शक्यता कमी असते ती गरीब बाईची. ती दवाखान्यात पोचेपर्यंत रोग पसरलेला असतो.

टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांची तपासणी शिकवून तयार केलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

२०१६ साली सरकारने अशी तपासणी तिशीपासून ठरवली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत ती झालेल्या १ टक्काही नव्हत्या. बँकेत अशा फायली मी पुष्कळ पाहिल्या : कर्ज मंजूर, वाटप शून्य. इथे थकबाकीदार मात्र आपण आहोत.