जव्हार ते झाप : रस्त्याने ४० मिनिटे, हवेतून ९!

जव्हारला विमानतळ नाही. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये इथून एक उड्डाण झाले. करोना लशीचे ३०० डोस घेऊन ड्रोन झाप गावात उतरले. अंतर सुमारे २० किलोमीटर. रस्त्याने ४० मिनिटांहून अधिक लागतात; ड्रोनला लागली नऊ मिनिटे आणि वर काही सेकंद.

फरक एवढा का? वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यावर गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरही पडत नाही. ड्रोनला ना घाट, ना ओढा. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, म्हणून प्रवास जितका कमी तितके बरे.

पण ड्रोन पेटी नेते, रुग्ण नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या मरकटवाडीत दिवस न भरलेली जुळी बाळे घरीच दगावली. रक्तस्राव थांबेना, तेव्हा आईला भर पावसात डोलीतून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले, कारण पाड्यापर्यंत रस्ताच नव्हता. त्या ड्रोनच्या हिशेबाने हे अंतर जेमतेम दीड मिनिटाचे.